कायम कोणासाठी

रंगाच्या प्रयोगशाळेत रंग नसतो. भिंती राखाडी, टेबलं राखाडी, अंगावरचे डगलेसुद्धा राखाडी. शेजारी लाल काही असलं की हिरवा जास्त हिरवा दिसतो आणि डोळा फसतो, म्हणून. कारखान्यात इतरत्र जमिनीवर, बुटांवर, जिन्याच्या कठड्यावर थेंब वाळलेले असत. या खोलीत मात्र रंगवलेले छोटे पत्रे तेवढे रंगीत, आणि तेही बंद कपाटात.

त्या खोलीत तिला सगळे डेल्टा म्हणत. दोन रंगांमधला फरक यंत्राने मोजला की जो आकडा येतो, तो डेल्टा; अर्ध्याच्या आत आला तर रंग जुळला. खालच्या पिंपांकडून कुणी पत्रा रंगवून आणून "अगदी जुळलाय" म्हणालं, की ती मान वर न करता विचारायची, "डेल्टा किती?" आणणारा गप्प बसे. नाव पडलं ते असं. तिला ते आवडायचं. निदान त्यात कुणाची मेहुणी असं काही नव्हतं.

कारण प्रयोगशाळेचे प्रमुख तिचे भावोजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्यात ती त्यांना सर म्हणे, घरी भावोजी. नात्यातली म्हणून तिला काही जास्त मिळालं नव्हतं. उलट नात्यातली म्हणूनच ती हंगामी राहिली. "लोक म्हणतील मेहुणीला चिकटवली," असं भावोजी दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी तिची मुदत तेवढी वाढवून देत. रसायनतज्ज्ञाची एक जागा कायम व्हायची होती. ती कोणाला मिळणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्या जागेचं काम ती करतच होती.

तिचं सगळ्यात मोठं काम कुणाच्या डोळ्यांत भरणारं नव्हतं. रंग मोजायच्या यंत्राला रोज सकाळी एक पांढरी टाइल दाखवून सांगावं लागतं, की हे पांढरं. त्यावरून ते पुढचं सगळं मोजतं. ती टाइल हाताळून हाताळून किंचित पिवळी पडली होती. पिवळट वस्तूला पांढरं धरलं, की बाकीची प्रत्येक वस्तू आहे त्याहून निळी भरते. हे तिने पकडलं, नवी टाइल मागवायला लावली आणि कारखान्याच्या एकूण एक रंगाचा मूळ नमुना पुन्हा मोजला. अख्खा हिवाळा त्यात गेला. त्यावर वार्षिक सभेत भाषण झालं, ते भावोजींचं. 'आम्ही' हा शब्द त्यांनी फार छान उच्चारला.

जागा मंजूर झाल्याचं तिला कळलं ते ताईकडे, जेवताना. टेबलावर ताईने नवं फुलाफुलांचं आच्छादन घातलं होतं. भावोजींचा पुतण्याही होता. नुकतीच पदवी घेऊन आलेला, हसतमुख, तिला मावशी म्हणणारा.

"जागा कायम झाली बरं का," भावोजी म्हणाले.

ताईने वाढायचा चमचा तसाच धरला. "अगं बाई. मग सांगत का नाही आल्या आल्या?"

"सांगतोय ना. हा रुजू होतोय पहिल्या तारखेपासून." त्यांनी पुतण्याकडे हनुवटी केली.

पुतण्या हसायचा थांबला. त्याला वाटलं होतं, हे तिला आधीच सांगितलेलं असेल.

ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही म्हणाला होतात, यंदा जागा कायम होईल, काळजी करू नकोस."

"झाली ना मग? जागा कायम होईल असं म्हणालो होतो. तुझी, असं कुठे म्हणालो?"

ते हसले नाहीत. हसले असते तर थट्टा म्हणून सोडून देता आलं असतं. त्यांनी ते हिशोब नीट लागलेल्या माणसासारखं सांगितलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"तुझी मुदत महिनाअखेरीपर्यंत आहे," ते पुढे म्हणाले. "तोवर याला सगळं दाखवून ठेव. घरचंच आहे सगळं."

ताई नवऱ्याकडे बघत राहिली. धाकटीने ताटातलं संपवलं, ताट घासून ठेवलं आणि घरी गेली. वाटेत ते वाक्य तिने मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. व्याकरणात त्यात काही चूक नव्हती.

*

सगळं दाखवणं म्हणजे मुख्यतः एक गोष्ट दाखवणं होतं.

यंत्राला जोडलेला संगणक विंडोजचा. पण रंग जुळवायचे तिचे प्रोग्रॅम युनिक्स या वेगळ्या प्रणालीच्या पद्धतीचे. त्यासाठी तिने विंडोजच्या पोटात युनिक्ससारखं एक वेगळं बिऱ्हाड थाटलं होतं. त्या बिऱ्हाडात डिस्कना अक्षरांची नावं नसतात. सगळं एकाच झाडाच्या फांद्यांवर. बाहेरचं काही आत हवं असेल, तर ते एका फांदीवर आणून बसवायचं. याला माउंट करणं म्हणतात. प्रोग्रॅम नमुन्यांची मापं 'रंग' नावाच्या फोल्डरमध्ये शोधत. मापं होती सर्व्हरवर. म्हणून ती रोज सकाळी डगला चढवायच्या आधी एक आज्ञा देऊन सर्व्हरवरचा फोल्डर 'रंग'वर माउंट करायची. पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या की बिऱ्हाड ते विसरून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कायमचं करता आलं असतं. पण रोज सकाळी यंत्राआधी आपला हात लागतो, हे तिला बरं वाटायचं.

"मावशी, काल मी करून बघितलं," पुतण्या म्हणाला. "ते म्हणतं, असं काही नाहीच."

तिने त्याने टाइप केलेलं पाहिलं. "फोल्डरचं नाव काय आहे?"

"मूळ नमुने."

"मध्ये मोकळी जागा आहे. मोकळी जागा दिसली की त्याला वाटतं शब्द संपला. ते 'मूळ' शोधत बसलं. आज्ञा देताना नाव अवतरणात घालायचं. फाइलमध्ये लिहायचं असेल तर मोकळ्या जागेऐवजी उलटी तिरकी रेघ आणि शून्य-चार-शून्य."

"एवढ्याशा जागेला एवढं मोठं नाव?"

"रिकाम्या जागा फार भांडणं लावतात," ती म्हणाली. पुतण्या आधी हसला आणि मग त्याला हसायला नको होतं असं वाटलं.

तेवढ्यात भावोजी आत आले. हात मागे बांधून पडद्याकडे पाहिलं. "हे रोज-रोजचं काय लावलंय? एकदाच कायम करून टाक ना. म्हणजे तू गेल्यावर कुणाचं अडायला नको."

"कायम करू?"

"कायम कर."

कायम करायचं म्हणजे एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची. बिऱ्हाड उघडताना ती फाइल आधी वाचतं आणि ओळीत लिहिलेलं जागच्या जागी बसवून देतं. पण अशी ओळ लिहायला दोन ठिकाणं असतात. एक फाइल सगळ्यांची: संगणकावर कुणीही स्वतःच्या नावाने आत शिरो, त्याला लागू. आणि शेजारच्या एका फोल्डरमध्ये ज्याच्या त्याच्या नावाची वेगळी फाइल: त्यातलं फक्त त्याला लागू. आजवर सगळे सकाळी तिने तिच्या नावाने उघडून ठेवलेल्या संगणकावरच काम करत. दोन्हींतला फरक कधी कुणाला पडला नव्हता.

तिने दुसरं ठिकाण उघडलं. तिच्या नावाची फाइल तयार केली आणि ओळ लिहिली. उलटी तिरकी रेघ, शून्य, चार, शून्य. ती भराभर लिहीत नव्हती. भावोजी तिच्या खांद्यामागे उभे होते आणि पडद्यावर सगळं दिसत होतं, फाइलच्या माथ्यावर तिचं नावसुद्धा. वाचणाऱ्याला वाचता आलं असतं.

मग तिने सगळ्या खिडक्या बंद केल्या, संगणक बंद करून पुन्हा चालू केला, आत शिरली आणि 'रंग' उघडून दाखवला. सगळी मापं जागेवर होती.

"झालं कायम?" भावोजींनी विचारलं.

"कायम झालं."

"बघ, इतकंच होतं."

"इतकंच होतं."

पुतण्या पुढे वाकला. "पण मावशी, मी माझ्या नावाने..."

"आता तिचं डोकं खाऊ नकोस," भावोजी म्हणाले. "चल, तुला पिंपं दाखवतो."

पुतण्याने वाक्य पूर्ण केलं असतं तर तिने खरं उत्तर दिलं असतं. हे तिने स्वतःपुरतं पक्कं ठरवलं होतं. त्याचं वाक्य भावोजींनी तोडलं, तिने नाही.

महिनाअखेरीला तिने डगला धुऊन परत केला.

*

पुढचं तिने व्यवस्थित आखलं होतं. पुतण्या स्वतःच्या नावाने आत शिरेल. 'रंग' रिकामा असेल. प्रोग्रॅम म्हणेल, नमुने सापडले नाहीत. पुतण्या काकाकडे जाईल, काका थोडा वेळ 'बघू' म्हणतील, मग फोन येईल. फोनवर ती पहिल्यांदा म्हणेल, "कोण बोलतंय?"

पहिल्या दिवशी फोन आला नाही. नवीन आहे, आज हात लावला नसेल. दुसऱ्या दिवशी ती फोन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून अंघोळीला गेली. तिसऱ्या दिवशी तिने खालच्या घड्याळवाल्याला तिच्या नंबरवर फोन करायला लावला.

"वाजतोय की," घड्याळवाला म्हणाला. "कुणाची वाट बघताय?"

"चुकीच्या माणसाची."

"मग वाजला तरी उचलू नका."

आठवडा गेला, दुसरा गेला. कारखान्यातल्या मैत्रिणीकडून कळलं, की सगळं सुरळीत चालू आहे. दरवाजे बनवणाऱ्या कंपनीची मोठी ऑर्डर निघाली आहे, राखी हिरवा, आणि नवा पोरगा हुशार आहे, सगळे डेल्टा अर्ध्याच्या आत आणतो. हे ऐकून तिला जेवण गेलं नाही. तिच्या नसण्याने काहीच अडलं नव्हतं.

मग फोन आला, तो ताईचा.

"उद्या सकाळी ये. मला वेड लागलंय की माझ्या भिंतीला, तेवढं सांगून जा."

*

ताईच्या स्वयंपाकघराला उत्तरेची खिडकी आहे. रंग बघायला त्याहून चांगला उजेड नाही. भिंत गेल्या वर्षी कारखान्याच्याच राखी हिरव्याने रंगवली होती. आता ताईने जुनं कपाट काढल्यावर मागचा तुकडा उरला होता, आणि पुतण्याने दरवाज्यांच्या ऑर्डरीतला डबा आणून तो शनिवारी रंगवायला घेतला होता, आणि आज रविवारी सकाळीच पुन्हा सुरू केला होता. हातात ब्रश, कपाळावर ठिपका. भावोजी टेबलाशी चहा घेत होते.

"ये, परीक्षक आल्या," ते म्हणाले. "सांग तुझ्या बहिणीला. एकच नंबर, एकच कृती. यंत्राने पास केलेला रंग आहे."

"हा माझ्या भिंतीचा नाही," ताई म्हणाली. "माझी भिंत मी रोज बघते."

"ओला आहे अजून."

"काल लावलाय तो भाग. ओला काय?"

धाकटी भिंतीसमोर उभी राहिली. डावीकडे तिने स्वतः जुळवलेला रंग होता. उजवीकडचा निळ्याकडे झुकलेला. थोडासाच. बाजारातल्या माणसाला एकटा दाखवला तर कळणारही नाही. दोन शेजारी ठेवले तर लपणार नाही. तो झुकाव तिने आधी पाहिला होता. याच रंगाचा, एवढाच, त्या हिवाळ्यात, जुनी मापं आणि नवी मापं शेजारी ठेवून.

आणि तिच्या लक्षात आलं, फोन का आला नाही ते. 'रंग' रिकामा नव्हता. सर्व्हर येण्याआधीची, पिवळ्या टाइलवर घेतलेली मापं त्याच फोल्डरमध्ये होती. ती तिने कधी पुसली नव्हती. त्यांच्यावरच तिने नवी आणून बसवली आणि खाली काय आहे ते विसरून गेली. ओळ तिच्या नावाची. ती गेली, वरचं उठलं, आणि खालचं उघडं पडलं. प्रोग्रॅमला फोल्डर हवा होता, तो भरलेला होता. त्याने तक्रार का करावी?

तिला स्वतःचा राग आला. तो फार टिकला नाही.

"भावोजी, या रंगाचा पत्रा मोजला होता तुम्ही?"

"अर्थात. डेल्टा शून्य पॉइंट तीन."

"म्हणजे तुमची खात्री आहे."

"माझी काय, यंत्राची आहे. उजेडाचा भास असतो, तुला मी काय सांगू?"

"सही केलीत?"

"अर्धे डबे गेले परवाच. उरलेले उद्या जातील." त्यांनी कप ठेवला. "का?"

तिने पुतण्याकडे वळून विचारलं, "रंगच्या फोल्डरमध्ये मापांच्या फायलींवर तारीख कुठली दिसते?"

पुतण्याने आठवून पाहिलं. "जुनीच आहे, मावशी. मी शाळेत असतानाची असेल. मला वाटलं, मूळ नमुने म्हणजे जुनेच असणार."

टेबलावरचं फुलाफुलांचं आच्छादन तिने एका कोपऱ्याला धरून उचललं. खाली जुनं होतं, चहाचे डाग पडलेलं, एका जागी भाजलेलं.

"अगं, उचलू नकोस, लाज काढतेस माझी," ताई म्हणाली.

"वरचं काढलं की हे दिसतं. खालचं तू काढलंच नव्हतंस ना." तिने कोपरा सोडला. "तुमचं यंत्र पंधरा दिवस पिवळ्या टाइलच्या मापांशी रंग जुळवतंय. सगळे रंग. प्रत्येक डबा निळ्याकडे गेलाय."

भावोजी उभे राहिले. चेहऱ्यावर हळूहळू समज येत होती, आणि तिला ती प्रत्येक पायरीवर बघायची होती. ती बघत राहिली.

"पण तू कायम करून गेली होतीस. माझ्यासमोर. मी तुला सांगितलं होतं कायम कर म्हणून."

"केलं होतं. माझ्या नावाने."

"तुझ्या नावाने म्हणजे?"

"म्हणजे मी आत असेन तर कायम. कायम कर असं म्हणाला होतात. सगळ्यांसाठी, असं कुठे म्हणालात?"

पुतण्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. ताई आधी बहिणीकडे, मग नवऱ्याकडे बघू लागली. ते वाक्य तिने याच टेबलावर आधी ऐकलं होतं. तिला ते ओळखायला वेळ लागला नाही.

"नुकसान केलंस तू," भावोजी म्हणाले.

"सही तुमची आहे. भिंत तुमच्यासमोर आहे. ताईला दिसलं, तुम्हाला भास वाटला."

"आता हे नीट करायचं कसं, ते सांग."

"एका ओळीचं काम आहे. लिहून घ्या."

"याला सांग," ते पुतण्याकडे वळले.

"त्याला मी त्याच दिवशी सांगितलं असतं. तुम्ही त्याला पिंपं दाखवायला नेलंत. तुम्हीच लिहा."

ते खिसे चाचपू लागले. ताईने नव्या कपाटाचं माप घ्यायची सुताराची पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "कागद कशाला शोधताय? इथे लिहा." तिने निळसर तुकड्याकडे बोट दाखवलं. "नाहीतरी परत रंगवायचाच आहे."

भावोजींनी भिंतीवर लिहिलं. धाकटी सांगत गेली: आधी दोन तिरक्या रेघा, मग सर्व्हरचं नाव, मग पुन्हा एक तिरकी, मग 'मूळ'. पुढे त्यांनी थोडी जागा सोडली.

"रिकामी जागा नाही चालत," ती म्हणाली. "उलटी तिरकी. शून्य. चार. शून्य."

त्यांनी सुलटी काढली. ती म्हणाली, "उलटी." त्यांनी खोडून उलटी काढली. पेन्सिलीचा काळा डाग पडला. ओळ संपली तेव्हा ती म्हणाली, "ही सगळ्यांच्या फाइलमध्ये. मग माझ्या नावाची फाइल पुसून टाका. खालची जुनी मापंही."

मग ते फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. आवाज आत येत होता. "नाही, नाही, तुमच्याकडे काही चूक नाही... हो, सगळे डबे... नाही, आमच्याकडूनच... मीच सही केली होती." पुतण्याने नळाखाली ब्रश धरला आणि पाणी बराच वेळ हिरवं जात राहिलं.

"मावशी," तो म्हणाला, "मी खरंच विचारणार होतो."

"माहीत आहे."

भावोजी परत आले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता. "हे बघ, झालं ते झालं. पुढच्या वर्षी अजून एक जागा कायम होईल, मी बोललोय वर."

"कोणाची?" तिने विचारलं.

ते गप्प बसले. आजवर "डेल्टा किती?" विचारल्यावर पत्रा घेऊन आलेली माणसं बसत, तसेच.

*

दरवाज्यांच्या कंपनीने त्या प्रकरणानंतर ठरवलं, की येणारा रंग आपला आपणच मोजून घ्यायचा. त्यांनी एक यंत्र घेतलं आणि ते चालवायला माणूस शोधला. तिने मुलाखतीत एकच प्रश्न विचारला: कायम म्हणजे कोणाचं, हे लेखी मिळेल का? समोरच्याला वाटलं विनोद आहे. त्याने लिहून दिलं.

आता भावोजींच्या कारखान्याचा प्रत्येक डबा तिच्या टेबलावरून जातो. डेल्टा अर्ध्याच्या वर एक दशांशही असला तर ती परत पाठवते. नियमात बसेल तेवढंच, त्याहून जास्त नाही. जास्तीची गरजही पडत नाही.

ताईने भिंतीचा तो तुकडा रंगवला नाही. पुतण्या नवा, जुळलेला डबा घेऊन आला, तेव्हा तिने तो माळ्यावर ठेवून दिला. टेबल मात्र जरा फिरवलं, नव्या कपाटाला जागा हवी म्हणाली. भावोजींची खुर्ची आता नेमकी भिंतीच्या तोंडावर येते. समोर निळसर चौकोन, त्यावर त्यांच्याच अक्षरातली ओळ, एक खोडलेली तिरकी रेघ आणि शून्य-चार-शून्य.

"हे पुसायचं कधी?" त्यांनी एकदा घास हातात धरून विचारलं.

"कशाला?" ताईने वाढता वाढता म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना, कायम करा म्हणून."